काशीरामकाकांचा नकार

दर्शना विलणकर आणि मी एकाच वॉर्डात नर्स म्हणून एकोणीस वर्षं काम केलं. रत्नागिरीतलं आमचं हॉस्पिटल तेव्हा जुन्या कौलारू इमारतीत होतं. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड मागच्या अंगाला, दुपारचा खारा वारा थेट आत यायचा. आता ती इमारत नाही. नव्या वॉर्डात प्रत्येक खाटेला पडदा आहे आणि मी कॉम्प्युटरवर नोंदी भरत बसते. पण वॉर्ड म्हटलं की डोळ्यांपुढे तो जुनाच येतो, आणि त्यात दर्शना असते.

ती मांडवीची. वडील बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरात आई आणि चार बहिणी, त्यामुळे बोलायची सवय जबरदस्त. ड्युटीवर आली की या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा आवाज. "काय आजोबा, जेवलात का? अहो, काही होत नाही, घाबरू नका!" मी कामापुरतं बोलणारी. तिच्याबरोबर ड्युटी लागली की मलाच बरं वाटायचं.

बारा-तेरा वर्षं झाली. एप्रिल महिना होता. लांज्याच्या पलीकडच्या एका वाडीतून काशीराम गोताड नावाचे शेतकरी दाखल झाले. साठीचे, काटक. भाजावळ करताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना, त्यांचा पाय निखाऱ्यांवर पडला होता. मधुमेहानं तळव्याची जाणीव गेलेली, त्यांना कळलंच नाही. आठवडाभर पाला बांधून ते तसेच चालत राहिले. आमच्याकडे आणलं तेव्हा अर्धं पाऊल काळं पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, तोही लगेच. काकांनी मान हलवली. "न्हाय."

त्यापुढे एक शब्द नाही. डॉक्टरांनी समजावलं, विष वर चढेल, जीव जाईल. "न्हाय." त्यांची बायको चिमाकाकी खाटेच्या पायथ्याशी बसून डोळ्याला पदर लावत होती. मुलगा विनोद मुंबईहून धावत आला आणि बापावरच चिडला, "बाबा, तुम्हाला मरायचंय का?" काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दर्शनाचं आपलं नेहमीचं चाललं होतं. "काका, घाबरू नका. आता काय छान पाय मिळतात बसवायला! लोक मोटरसायकली चालवतात." दोन दिवस ती हेच सांगत होती. काका तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा न उघडताच ती मला म्हणाली, "योगिनी, माझे शब्द संपले गं. आज नुसतं ड्रेसिंग करते."

मी पलीकडच्या खाटेवर सलाईन लावत होते. दर्शनानं स्टूल ओढलं, बसली, पट्टी सोडली. वास सहन होत नव्हता, पण तिनं तोंड फिरवलं नाही. पाण्यानं, मग औषधानं, सावकाश पुसत राहिली.

बऱ्याच वेळानं काकाच बोलले. "आज बोलत न्हाय, बाय?"

"तीन दिवस आम्हीच बोलतोय काका. तुम्हाला काय वाटतंय ते कुणी विचारलंच नाही."

काकांनी पायाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती बोलली नाही. हातातला कापूस तसाच धरून बसून राहिली.

"एक विचारू?" काका म्हणाले.

"विचारा."

"कापल्यावर पायाचा काय करता? टाकता कुटं?"

दर्शना चमकली. पण "तुम्ही कशाला तो विचार करता" असं काही तिच्या तोंडून गेलं नाही. तिनं विचारलं, "तुमच्या मनात काय आलं?"

मग ते हळूहळू सांगायला लागले. तरुणपणी त्यांचा भाऊ मुंबईत एका हॉस्पिटलात होता. त्या हॉस्पिटलच्या मागं कचऱ्याच्या ढिगावर कुत्री कशासाठी तरी भांडत होती. ते काय होतं, ते काकांना कळलं होतं की नाही कोण जाणे. पण ते दृश्य मनातून कधी गेलं नाही. "बाय, चाळीस वर्सं या पायानं चिखल तुडवला. मराया मी भीत न्हाय. पन माजा पाय कुत्र्याच्या तोंडात नको."

दर्शनानं पट्टी बांधली. म्हणाली, "इथं काय करतात ते मी नीट विचारून येते. खरं असेल तेच सांगेन."

ती मेट्रनबाईंकडे गेली, मग डॉक्टरांकडे. कापलेला भाग पिवळ्या पिशवीत बंद करून जाळायला पाठवतात, पण नातेवाइकांनी लेखी मागितला तर त्यांच्या हवाली करता येतो, असं कळलं. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "तीन दिवस एवढ्यासाठी?"

"सर, आपल्यापैकी कुणी विचारलं असतं तर तीन दिवस लागले नसते," दर्शना म्हणाली.

विनोदला आधी लाज वाटली. "वाडीतले लोक हसतील, सिस्टर." तिनं त्यालाही उपदेश केला नाही, काकांजवळ नेऊन बसवलं, आणि काकांनी कुत्र्यांची गोष्ट त्याला स्वतः सांगितली. विनोद ऐकता ऐकता बापाच्या हातावरून हात फिरवायला लागला. संध्याकाळी काकांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. म्हणजे अंगठा, सही त्यांना येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. विनोदनं गावच्या जीपमधून पाय नेला आणि त्यांच्याच शेताच्या बांधावर, काजूच्या झाडाखाली पुरला.

पण तोवर विष वर चढलं होतं. पाय गुडघ्याखाली काढायचा तो मांडीत काढावा लागला. काका जगले, कुबड्यांवर चालायला लागले, तपासणीला येताना चिमाकाकी कुळथाचं पीठ घेऊन यायची. तरी दर्शनाच्या मनातून ते गेलं नाही. एकदा पायरीवर चहा पिताना म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी तोंड मिटून बसले असते, तर त्यांचा गुडघा राहिला असता." मी तिला "तुझा काय दोष?" म्हणाले. ती हसली फक्त.

त्यानंतर वॉर्डात तिचा आवाज कमी झाला. नव्या मुली आल्या की ती त्यांना सुया टोचायच्या आधी स्टूलवर बसायला शिकवायची. सानिका नावाच्या एकीनं विचारलं, "सिस्टर, पेशंट रडायला लागला तर काय बोलायचं?" दर्शना म्हणाली, "रडू दे. तू उठू नकोस." सानिका आज आमच्या आयसीयूची इन्चार्ज आहे.

दोन वर्षांपूर्वी दर्शना निवृत्त झाली आणि दापोलीला लेकीकडे राहायला गेली. लेक, अक्षया, तिथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला आहे. गेल्या डिसेंबरात मी एसटीनं तिला भेटायला गेले. जुन्या इमारतीबद्दल, पावसात गळणाऱ्या त्या कौलांखाली आम्ही ठेवायचो त्या बादल्यांबद्दल बोलता बोलता दिवस सरला. "पाडलीच का गं ती?" तिनं दोनदा विचारलं.

स्टँडवर पोचवायला आली तेव्हा पिशवीत आमसुलं कोंबली आणि खिडकीची जागा मिळतेय का ते बघायला माझ्या आधी बसमध्ये चढली. कंडक्टर ओरडेपर्यंत उतरली नाही. बस वळली तेव्हा मागं पाहिलं. पदर खोचून ती फाट्यापर्यंत बसच्या मागं मागं चालत आली होती.