अल्सिराबाईंच्या एसीतला बर्फ

सरोवराकाठच्या, बारमाही उकाड्याच्या माराकायबो शहरात घराची ऐपत सोफ्यावरून ठरत नाही, दारातल्या गाडीवरूनही ठरत नाही. आलेल्या पाहुण्यानं किती मिनिटांत शाल मागितली, यावरून ठरते. बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं आणि आत मंडळी लोकरीत गुरफटून बसलेली असतात. यजमानीण मानभावीपणानं विचारते, "गार नाही ना वाटत फार?" पाहुणा दात आवळून म्हणतो, "छे, छे."

म्हणूनच एसी मेकॅनिक नेरियो फुएन्मायोरच्या पिशवीत पान्यांच्या आणि ब्रशांच्या खाली एक तपकिरी स्वेटर कायम असायचा. नेरियो त्रेसष्ट वर्षांचा, सडाफटिंग, मिशी मात्र रोज कातरलेली. तारुण्यात तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हा धंदा शिकला आणि तेव्हापासून त्याला एक खोड लागली, ती म्हणजे खरं बोलायची. त्या धंद्यात ही खोड फार महागात पडते. गिऱ्हाईक म्हणायचं, "गॅस संपलाय, भरून द्या." नेरियो म्हणायचा, "गॅस काय पेट्रोल आहे संपायला? तो कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. भोक बुजवल्याशिवाय भराल तर पैसे हवेत सोडाल." मग तो जाळी काढून धुळीची गोधडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "ही दर पंधरवड्याला नळाखाली धरा. त्याला मी लागत नाही."

असा हा माणूस सगळ्या गल्लीला सांगायचा, की वर्षातून दोनदा मशीन उघडून धुतलं की पुष्कळ झालं. एका घरी मात्र तो वर्षातून चारदा जायचा, आणि तेही एकोणीस वर्षं. ते घर अल्सिरा बोस्कानचं.

"सरोवराची हवा खारी," नेरियो कारण द्यायचा, "मशीनमधली तांब्याची कॉइल खाते."

"हो ना," समोरची नेल्वा म्हणायची, "आणि ती खारी हवा नेमकी अल्सिराच्याच खिडकीवर येते. आमच्याकडे वळतच नाही मेली."

अल्सिराबाई बंदरावरच्या एका कप्तानाच्या विधवा. मुलगा चिलीत, घर मोठं, बसायच्या खोलीत खिडकीत बसवलेला जुना एसी. ती खोली एवढी गार, की गल्लीनं तिला डोंगरमाथ्यावरच्या थंड पठाराचं नाव दिलं होतं, पारामो. दर गुरुवारी दुपारी पाच बायका तिथं पत्ते खेळायला जमायच्या. दारामागच्या खुंट्यांवर पाहुण्यांसाठी पाच शाली टांगलेल्या असत. सहावी खुंटी रिकामी होती. ती का रिकामी ठेवली आहे, यावरही गल्लीत दोन मतं होती, पण ते जाऊ द्या.

यंदा मार्चमध्ये नेल्वानं भिंतीवरचा नवा कोरा एसी घेतला आणि सहज म्हणून सगळ्यांना सुचवलं, "एखादा गुरुवार माझ्याकडे करू या की." अल्सिराबाईंची झोपच उडाली. पण पुढच्याच गुरुवारी दैव पावलं. त्यांच्या एसीच्या जाळीमागं बर्फ धरला, चांगला बोटभर, पांढरा शुभ्र. बाईंनी तो चमच्यानं खरवडला, गूळ-लिंबाच्या सरबतात घातला आणि सगळ्यांना दिला. "माझं मशीन आता बर्फ करायला लागलंय बाई," त्या म्हणाल्या. नेल्वा दोन ग्लास प्यायली आणि गप्प घरी गेली.

दुसऱ्या दिवशी नेरियोला फोन. "या, बघून तर जा. एकोणीस वर्षांचं मशीन तरणंताठं झालंय."

नेरियोनं बर्फ पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं मशीन खिडकीतून ओढून काढलं, ढकलगाडीवरून मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली नेलं आणि उघडलं. जाळी स्वच्छ होती. ती धुवायला त्यानं बाईंना शिकवलंच होतं. म्हणजे घाण नव्हे, गळती. साबणाचं पाणी लावल्यावर कॉइलवर तीन ठिकाणी बुडबुडे आले. तांबं चाळणीसारखं झालं होतं.

बाईंनी कॉफी आणली, सोबत गरम मान्दोका. पिकलेल्या केळ्याची आणि मक्याच्या पिठाची ती तळलेली कडी हातात तशीच धरून नेरियो मनात हिशेब मांडू लागला.

दोन रस्ते होते. तीन भोकं झाळून बुजवायची, गॅस भरायचा. दोन महिन्यांनी चौथं भोक पडणार, तेही झाळायचं. म्हणजे दर दोन महिन्यांनी चिकूचं झाड, कॉफी आणि मान्दोका. बाई एका शब्दानं विचारणार नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे नवं मशीन. पण नव्या मशीनबरोबर दोन वर्षांची हमी येते, त्या हमीत कंपनीचाच माणूस मशीन धुतो आणि दुसऱ्या कुणी स्क्रू फिरवला तरी हमी रद्द. मग नेरियोनं या घरी कशाला यायचं? एकोणीस वर्षांत त्याला दुसरं निमित्त सुचलं नव्हतं.

"काय झालं? गोड कमी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. अल्सिराबाई, हा बर्फ ताकदीचा नाही, आजाराचा आहे. गॅस गळतोय. गॅस कमी पडला की कॉइल गोठते आणि खोलीत गारवा येणं बंद होतं. येत्या गुरुवारी बायकांना शाली लागणार नाहीत, पंखे लागतील."

बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. "आणि मी तो नेल्वाला पाजला."

"तिला काही होत नाही."

"मला ठाऊक आहे. तिला कधीच काही होत नाही." त्या पुढं म्हणाल्या, "मग झाळा की."

"झाळीन. चाळीस डॉलर आज, चाळीस मेमध्ये, पुन्हा चाळीस जुलैमध्ये. अशानं वर्षभरात नव्या मशीनच्या अर्ध्याहून जास्त पैसे होतात. हे वीजही दुप्पट खातं. नवं घ्या, आणि त्याला आधी व्होल्टेजचा स्टॅबिलायझर लावून घ्या, नाहीतर पहिल्याच झटक्यात कॉम्प्रेसर जाईल."

"नवं तुम्हीच धुणार ना?"

"नाही. कंपनीचा माणूस. मी हात लावला तर हमी जाईल."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्हाला सांगायच्या आधी ठाऊक होतं?"

"होतं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या.

नवं मशीन बुधवारी बसलं. गुरुवारी पाचही शाली उतरल्या आणि नेल्वानं मोजेही मागितले. पारामोची अब्रू राहिली. नेरियोचं मात्र त्या गल्लीत पाऊल पडेना. एप्रिल गेला, मे गेला. त्यानं मिशी कातरणं सोडलं, असं फळवाला सांगतो. मी पाहिलं नाही, पण फळवाला सहसा खोटं बोलत नाही.

जूनमध्ये फोन आला. "नेरियो, मशीन धुवायला झालंय."

"बाई, कंपनीचा माणूस..."

"तो त्याचं धुईल. मी जुन्याचं म्हणतेय."

तो गेला. बाईंनी जुनं मशीन गवंडी बोलावून स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवून घेतलं होतं. गॅस कधीच उडून गेलेला. नुसता पंखा फिरत होता आणि अंगणातल्या पानांसारखा सळसळत होता. नेरियोनं हात धरून पाहिला. वारा कोमट होता.

"कसं वाटतं?" बाईंनी विचारलं.

उभ्या जन्मात पहिल्यांदा नेरियोनं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं नाही. "लक्ष द्यावं लागेल," तो म्हणाला. "महिन्याच्या महिन्याला."

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या, आणि कढईत मान्दोका सोडल्या.

स्वयंपाकघरात स्वेटरची काय गरज? निघताना तो त्यानं दारामागच्या सहाव्या खुंटीला लावला आणि विसरला. पुढच्या महिन्यात पुन्हा विसरला. गुरुवारी नेल्वानं शाल घेताना तो चिमटीत धरून पाहिला.

"बंद पडलेल्या मशीनला दर महिन्याला सर्व्हिसिंग लागतं, हे मला नव्हतं माहीत," ती म्हणाली.

"तुझं नवं आहे ना," अल्सिराबाई पत्ते पिसत म्हणाल्या. "तुला इतक्यात नाही कळायचं."