आगबोटीचं भोक आणि माझ्या वाती

तर सगळ्यांत आधी हजर कोण, हुई मिनची आजी! क्वीन्सटाउन स्टेशनच्या गेटपाशी, फुलाफुलांचा ब्लाउज, काखेत छत्री, अशी उभी की आम्ही वेळेवर पोचूनसुद्धा मला ओशाळल्यासारखं झालं. तिला सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजीच. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, आणि इंग्रजी दोघींचंही ‘थँक्यू’शी संपतं. नातींना सगळं येतं, पण माझी इरा आणि तिची हुई मिन एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

त्याला कारण माझी कणीक. झालं असं, की शाळेने जोड्या लावून जुन्या काळच्या आगबोटीचं चालतं मॉडेल करायला सांगितलं. या दोघींनी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची छान बोट केली, आत खेळण्यातली मोटर, मागे पाण्यात फिरणारा पंखा. पण पंख्याचा दांडा ज्या भोकातून बाहेर येतो तिथून पाणी शिरायचं. मी म्हटलं, हंडीचं झाकण आपण कणकेने लिंपतो तेव्हा वाफ तरी बाहेर येते का? दिली लिंपून. शाळेच्या टाकीत कणकेची झाली खीर आणि बोट गेली तळाला. हुई मिन सगळ्या वर्गादेखत म्हणाली, “युअर ग्रँडमा पुट चपाती इन अवर शिप, लाह!” (हे ‘लाह’ इथे सगळेच वाक्याच्या शेपटाला लावतात.) पोरं खो खो हसली. माझ्यावरून हसली म्हणून इराने मैत्रीणच टाकली. आता सोमवारी शेवटची संधी. शाळेच्या बाई म्हणाल्या, जा, आधी खरी बोट कशी बांधायचे ते बघून या. आम्ही निघालो त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, ऑफिसला नव्हती. म्हणून मोहिमेवर दोन आज्या.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शाल ठेवा, एसीने हाडं गारठतात. खायचं-प्यायचं नाही, दंड होतो. मला रिकामं बसवत नाही, म्हणून माझ्या पर्समध्ये कायम कापूस असतो. वाती वळत बसले. आमा टक लावून बघत होती. थोड्या वेळाने हात पुढे केला, मी कापूस दिला. पहिली वात तिने नूडलसारखी जाड केली! दोघी हसलो. नाती दोन टोकांना बसून फोनमध्ये.

बंदराच्या बाजूला ते संग्रहालय आहे. दार ओलांडलं आणि अगं बाई, समोर आगबोट! अर्धी चिरून ठेवलेली, पपईसारखी, आतलं सगळं दिसेल अशी. आमच्या सांगलीला मी नदीत लाकडाच्या नावा बघितल्या. ही सबंध लोखंडाची. लोखंड तरंगतं याचं मला नवल नाही, घासायच्या टबात माझी कढई तरंगतेच. पण कढईएवढी कढई आणि गल्लीएवढी कढई यात फरक आहे की नाही?

तिथल्या गाइडबाई हौशी. त्या सांगायच्या, इरा मला मराठीत, हुई मिन आमाला चिनीत. पत्रे भट्टीत लाल करून वाकवायचे. एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड, दोन्हींत भोकं, आणि त्यात लालबुंद रिव्हेट घालून दोन्हीकडून ठोकायचे. निवताना रिव्हेट आखडतो आणि पत्रे कवटाळून धरतो. माझ्या कढईच्या कानांनाही तेच, पण इथे हजारो! आणि हे माणसांनी हातोड्याने ठोकलेले. माझ्या अंगावर काटा आला.

लाकडी जहाजाची शेपटी म्हणे पंख्याच्या हादऱ्याने खिळखिळी व्हायची, लोखंडाची टिकायची. पण लोखंडाने होकायंत्र चकायचं, मग त्याच्याभोवती लोहचुंबक लावून त्याला ताळ्यावर आणायचं. आणि गंमत बघा, इंजिन असूनही वर शिडं होतीच. मी म्हटलं, सून आली तरी सासूने किल्ल्या सोडल्या नव्हत्या! इराने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं, त्या इतक्या हसल्या.

मग शेवटी बोटीच्या मागे गेलो. इंजिनापासून जाडजूड दांडा बोगद्यातून पार शेपटीपर्यंत, आणि तिथे भोक. पाण्याखाली! एवढा समुद्र बाहेर, आणि माणसाने मुद्दाम भोक पाडलं. मी विचारलं, “मग बुडत कशी नाही?” बाई म्हणाल्या, भोकाभोवती एक डबी असायची. तिच्यात तागाची दोरी चरबीत भिजवून दांड्याभोवती गुंडाळायची, वरून झाकण आवळायचं.

हुई मिनने हे आमाला सांगितलं मात्र, आमाने माझी पर्सच ओढली! आत हात घालून वात काढली आणि स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळून दाखवली. मला कळायला एक क्षण लागला. मग मीही ओरडले, “इरे, वात! तुपातली वात!”

बाई हसल्या. म्हणाल्या, “पण फार आवळू नका. दांडा फिरणार नाही. थेंब थेंब झिरपू द्यायचं असतं.”

येताना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, थांबलो. चहा म्हणजे ‘तेह’, साखर कमी हवी तर ‘स्यू दाय’ म्हणायचं, हे आमाने शिकवलं. टोस्टवरचा ‘काया’ नावाचा जॅम नारळाचा असला तरी त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. चौघींचं खाणं संग्रहालयातल्या एका सँडविचपेक्षा स्वस्त पडलं.

तिथून सगळ्या आमच्याच घरी. माझा सुहास जुरोंग आयलंडहून, कामावरून, कंपनीच्या बसने आला तर बाथरूमात चार बायका आणि पाण्याचा टब. म्हणाला, “आई, या उकाड्यात तूप वितळेल. व्हॅसलीन लाव.” लावलं. मी वात चांगली करकचून गुंडाळली, एकदा हात पोळलाय ना! मोटर घुर्र करून थांबली. इरा रडकुंडीला आली. “आजी, पुन्हा तुझं...” एवढंच म्हणाली आणि ओठ चावले.

आमाने माझ्या हातावर हात ठेवला आणि वातीचा एक वेढा सोडवला.

पंखा फिरला. बोट टबाच्या या काठापासून त्या काठाला गेली. आत डोकावलं तर तीन-चार थेंब. हुई मिन हळूच म्हणाली, “नॉट चपाती धिस टाइम... सॉरी लाह.” इराने टिश्यू तिच्या हातात दिला, “यू वाइप, आय ड्राइव्ह.” मिटलं भांडण.

सोमवारी बोट टाकीच्या पार पलीकडे गेली. शाळेच्या बाईंनी विचारलं, हे आत काय घातलंय? दोघी एका सुरात म्हणाल्या, “ग्रँडमाज् प्रेअर थिंग!” वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी इराही हसली.

रोज संध्याकाळी दिवा लावताना मला आता तो लोखंडी दांडा दिसतो. एवढा समुद्र, आणि त्याला अडवून धरणारी बोटभर दोरी.

आमाची वात अजून जाडच होते. काल आमच्या घरून निघताना तिने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपाशी जाऊन एका चौकोनावर बोट टेकवलं, मग स्वतःकडे, मग कापसाकडे. येणार म्हणाली. गुरुवारी.