वरळीच्या किनाऱ्यावर घेतलेलं नाव

आमचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं असताना वारलं आणि मी अंथरूणच धरलं. औषधांचा गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हिला समुद्राची हवा द्या, आठवड्यातून एकदा तरी लांब चालवा. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडापासून चौपाटी जवळच होती. पण तिथे बायकोला घेऊन हिंडायचं म्हणजे निम्म्या गिरगावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय द्यायचा. एकोणिसाव्या शतकाची ती शेवटची दहा वर्षं. नवराबायको जोडीने निघाली की लोक खिडक्यांत येत.

तोड काढली सासूबाईंनी. त्या फार लहान वयात विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, सोवळंओवळं काटेकोर पाळणाऱ्या. फिरायला जाण्याचं नुसतं नाव काढलं तरी त्या मला फैलावर घेतील असं मला वाटत होतं. त्या ह्यांना म्हणाल्या, "कुणी विचारलं तर प्रभादेवीच्या दर्शनाला जातो म्हणून सांग. दर्शन घ्याही, म्हणजे खोटं नको बोलायला. पुढे किती चालायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मग दर रविवारी चर्नीरोडला गाडीत बसायचं, दादरला उतरायचं आणि माडांच्या वाड्यांतून देवळापर्यंत जायचं. देवळामागून पुळणीवर उतरलं की वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत सगळी सपाट वाट. चढ नाही, उतार नाही, चुकायचीही सोय नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, झालं. कोळीवाड्यात बोंबील वाळत असत. पहिल्या रविवारी मी नाकाला पदर लावला, तिसऱ्या रविवारी लावायची विसरले.

रीतीप्रमाणे हे पुढे आणि मी दहा पावलं मागे. देवळापर्यंत मला ह्यांच्या कोटाची पाठ तेवढी दिसे. पुळणीवर उतरलं की मात्र ह्यांना एकाएकी शिंपल्यांचा पुळका येई. वाकायचं, शिंपला उचलायचा, उलटसुलट बघायचा, तोवर मी जवळ पोचलेली. मग चार पावलं बरोबरीने, की पुन्हा एक शिंपला. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की त्यातले निम्मे शिंपले फुटके असत. माझी जीभ तशी फटकळ, पण हे कळल्याचं मी कधी दाखवलं नाही. पुढे नाटक करता करता ह्यांना शंखशिंपल्यांचं खरंच वेड लागलं आणि तेच एक दिवस अंगाशी आलं.

वैशाखातला रविवार होता. कोळीवाड्यापलीकडे किल्ल्याखाली ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. कुठल्याशा शंखाच्या मागे हे खडकांवरून पार टोकाला गेले आणि पाठमोरे उकिडवे बसले. मी वाळूवर एका होडीच्या सावलीत. थोड्या वेळाने बोंबील वाळत घालणारी एक कोळीण हातातलं काम टाकून माझ्याकडे आली.

"बाय, पानी भरतंय. तुजा घोव तकडं काय करतंय? मागची घळ भरली तं येवाचा नाय त्याला."

खडक आणि वाळू यांच्यामध्ये एक घळ होती. हे गेले तेव्हा ती कोरडी होती, आता तिच्यात गुडघाभर पाणी खेळत होतं. ह्यांना पोहता येत नव्हतं.

मी उठून ओरडले, "अहो." वारा समोरून येत होता, हाक माझ्याच तोंडावर परत आली. पुन्हा ओरडले, "अहो, ऐकलं का." हे ढिम्म. पलीकडे जाळं विणणारे दोन म्हातारे मात्र वळून बघू लागले. जगातल्या कुठल्याही पुरुषाला लागू पडेल अशी ती हाक, तिच्यात आपल्यासाठी काही आहे असं ह्यांना का वाटावं?

कोळीण म्हणाली, "नाव काय त्याचा? मी हाळी देतंय."

तिचा आवाज सहज पोचला असता. पण मी नाव सांगणार कसं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आलेली. उखाण्यात गुंफून घेतलेलं चालतं, म्हणून, खरंच सांगते, मी तिथे यमक शोधू लागले. घळीत पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि मी यमक शोधत होते. कोळीण माझ्याकडे बघतच राहिली.

"अगो, जीव जाल त्याचा," ती म्हणाली.

मग मी नाव घेतलं. तिला सांगायच्या भानगडीत पडलेच नाही. चार पावलं पाण्यात शिरले आणि समुद्राकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडले. हे ताडकन उभे राहिले. पाण्याकडे बघायचं सोडून आधी माझ्याकडे बघितलं. कोळणीने त्या म्हाताऱ्यांना पिटाळलं, त्यांनी ह्यांना दोन्ही हातांना धरून छातीभर पाण्यातून बाहेर आणलं.

परतताना हे देवळापर्यंत माझ्या बरोबरीने चालले, ओल्या धोतरात. म्हणाले, "माझं नाव इतकं चांगलं आहे हे ठाऊक नव्हतं." ह्यांना वाटलं मी हसेन. मला रडू कोसळलं. "पुन्हा काढू नका हा विषय," मी म्हटलं, "घरी तर मुळीच नको." घरी आम्ही लाट अंगावर आल्याचं सांगितलं.

पावसाळा सरला आणि मुंबईत प्लेग, गाठीचा ताप, शिरला. रोज कुणाचं तरी बिऱ्हाड बंद झालेलं दिसे, लोक कोकणात पळत सुटलेले. कार्तिकात हे कचेरीतून आले ते फणफणूनच. सासूबाईंनी काखा चाचपल्या, गळा चाचपला. गाठ नव्हती. पण ताप हटेना, आणि आज नसलेली गाठ उद्या येणार नाही कशावरून? सगळे हवेला आणि उंदरांना दोष देत होते. मला मात्र कारण ठाऊक होतं. ह्यांचं आयुष्य मी कमी केलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई ह्यांच्यासाठी पेज ढवळत होत्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या मला देवापुढे नाक घासायला लावतील अशी माझी तयारी होती. त्या नुसती पळी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"सात वर्षं आमचा संसार. मी एकदाही नाव घेतलं नाही गो. मंगळागौरीच्या उखाण्यातसुद्धा अर्धं गिळून टाकलं. तरी पटकीने दोन दिवसांत गेले."

त्यांनी पळी खाली ठेवली.

"शेवटल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आपली अहो, अहो करत्ये. वळून बघितलं नाही त्यांनी. मला अजून वाटतं, नावाने हाक मारली असती तर बघितलं असतं."

त्यांनी पेज वाटीत ओतली आणि वाटी माझ्या हातात दिली. "जा. हाक मारून उठव त्याला. नावाने उठव. मी इथेच बसते."

मी खोलीत गेले आणि ह्यांच्या कानाशी लागून नाव घेतलं. ह्यांनी डोळे उघडले आणि वाटीभर पेज घेतली. ताप आठव्या दिवशी उतरला, साधा हिवताप निघाला. नावामुळे उतरला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांचं कोयनेलही पोटात गेलं होतं. पण त्या दुपारपासून माझ्या छातीवरचा दगड उतरला तो उतरलाच.

माघात आम्ही पुन्हा फिरायला निघालो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मीही येत्ये. प्रभादेवीला." पण देवळाशी त्या थांबल्या नाहीत. आलवणाचा पदर घट्ट ओढून पुळणीवरून आमच्याबरोबर चालत राहिल्या. वाटेत दोनदा बसल्या, दोनदा उठल्या. किल्ल्याखाली पोचल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "कुठे उभी होतीस?"

मी जागा दाखवली. भरती होती, खडक सगळे पाण्याखाली.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं परत कोळीवाड्याकडे चालू लागलो. थोडं अंतर गेलो असू, तोच पाठीमागून सासऱ्यांचं नाव ऐकू आलं. आधी पुटपुटल्यासारखं, मग खणखणीत. हे जागच्या जागी थबकले. मी ह्यांचा हात धरला आणि ह्यांना वळू दिलं नाही. हे तीन वर्षांचे असताना वडील गेलेले. ते नाव हे रोज स्वतःच्या नावापुढे लिहीत, पण आईच्या तोंडून ते ऐकायची ह्यांची ती पहिलीच वेळ होती.