शुगर नाही, बीपी नाही

छातीवर हलकी थाप मारायची आणि म्हणायचं, "आपण एकदम फिट." रास अल खोरच्या आमच्या गोदामात काकांची रोजची हजेरी अशी लागे. नाव सांगत नाही, पण तुम्हीही आखातात नोकरी केली असेल तर असा एखादा काका तुमच्या ऑफिसात नक्की पाहिला असेल.

फिट कसले, डोंबल! पँट्रीच्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यामागे त्यांचं इन्सुलिन असे. बीपीची गोळी बडीशेपेच्या डबीत. सिगारेटी दिवसाला सहा, त्याही फोर्कलिफ्टच्या आडोशाला. आजारी म्हटलं की कंपनी घरी पाठवते, ही सव्वीस वर्षांची भीती. व्हिसाच्या मेडिकलआधी महिनाभर कारल्याचा रस चाले. मी एचआरमध्ये, मला सगळं ठाऊक होतं. पण मी कशाला बोलते!

मग रिटायरमेंट आली. आमच्या कंपनीत नोकरीभर साठलेले पैसे एका परदेशी विमा कंपनीला दिले की ती जन्मभर दरमहा पेन्शन देते. त्याआधी तब्येतीचा फॉर्म. काकांनी तो मेडिकलसारखाच भरला. शुगर नाही, बीपी नाही, सिगारेट नाही. आणि पेन्शन फक्त स्वतःपुरती, कारण आपल्यामागे काकूंना चालू ठेवायची तर महिन्याला पाचशे दिरहॅम कमी, म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये.

म्हणाले, "मी शंभरी गाठणार. ती कुठे मागे राहतेय?"

मला रागच आला. दार लावून घेतलं आणि सांगितलं, काका, इथे उलटा कारभार आहे. धडधाकट माणसाला खूप वर्षं द्यावं लागतं, म्हणून विमा कंपनी दरमहा कमी देते. आजार आणि सिगारेटी खऱ्या लिहिल्यात तर रक्कम वाढेल, त्या वाढीत काकूंची सोय होईल. आणि खोटं लिहिलेलं उद्या उघडं पडलं तर वेगळीच पंचाईत.

"म्हणजे लवकर जाणार म्हणून बक्षीस?" काकांना ते फार लागलं. दोन दिवस एचआरकडे फिरकलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकूंना घेऊन आले. अल बर्शातल्या घरून गोदामापर्यंत काकू पहिल्यांदाच आल्या होत्या. काका म्हणाले, तूच लिही, माझ्या हाताने व्हायचं नाही. मी विचारत गेले, ते हळू आवाजात सांगत गेले. सिगारेटपाशी अडले.

"दोन."

"सहा लिही गं," काकू शांतपणे म्हणाल्या.

मी सहा लिहिलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्यानंतर हिला मिळेल ना पण?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सही केली. मी उगाचच फाइल शोधत बसले.

पेन्शन दोघांची झाली, आणि पहिल्या आकड्याहून थोडी जास्तच. काका सांगलीला गेले. त्यांच्या खुर्चीवर आता कार्टन ठेवतात, ते मला अजिबात आवडत नाही.

काकांची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, तरी त्याच आठवड्यात रिटायर होणारा आमचा वसईचा ड्रायव्हर तोच फॉर्म घेऊन आला. त्यानेही दार लावून घेतलं.

"मॅडम, आजार नंतर सांगतो," तो म्हणाला. "आधी बायकोचं नाव लिहा."