पाण्याने बुजवलेली वाट
सुरुंगाच्या दारूचा जळका वास आला की मंगरूळपीरच्या वाटेवरची माझी कोरडी विहीर आठवते. साल पंचावन्नच्या आसपासचं. वाटणीत थोरल्या भावाने काळी कसदार जमीन स्वतःकडे ठेवली आणि खडकाळ माळ माझ्या गळ्यात मारला. तिथेच पाणी काढून दाखवायचं म्हणून मी पेटलो होतो. काळ्या खडकात पांढरी रेघ दिसली तेव्हा खोदणाऱ्यांनी तिला नारळ फोडला. "पान्याची शीर हाये, मालक!" तिच्यामागे महिनाभर खाली गेलो, पण थेंबही लागला नाही. गावात खडक तपासायला एक सरकारी साहेब आले होते, त्यांना मी जवळजवळ ओढतच विहिरीत उतरवलं. त्यांनी रुमालाने रेघ पुसली आणि माथ्यावरच्या उन्हात तिच्यातले स्फटिक लखलखले. "मंग माह्यं पानी गेलं कुठं?" मी खेकसलो. "इथंच होतं," ते म्हणाले. "डोंगर उचलले गेले तेव्हा हा खडक तडकला. भेगेतून गरम पाणी चढलं आणि विरघळलेला चुना मागे ठेवून गेलं. जमीन पुन्हा हलली, पुन्हा भेग पडली, पुन्हा थर बसला. मोजा." मी रेघेवरून बोट फिरवून थर मोजले, पाच. माणूस जन्मायच्या आधीच पाण्याने आपली वाट बुजवली होती. विहिरीपासून वीस पावलांवर त्यांनी न बुजलेली, उघडी भेग दाखवली, तिथे पुढे पाणी लागलं. भावाला मी अजून माफ केलेलं नाही. पण तो माळ त्याने मला दिला, असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. कुणी कुणाला देण्याइतका तो माळ लहान नव्हताच.