बिल्ला की नाव

श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात बनुबाई रोग्यांचे कागद सांभाळायच्या. आवाज असा, की मांडणीवरची धूळसुद्धा उठून बसायची: "बिल्ला दाव, बिल्ला." पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर, त्या नंबराचा कागद भिंतभर मांडणीत. शिडी चढायची, कागद काढायचा, उतरायचं. पायरीपायरीला उजवा गुडघा 'कट्' म्हणायचा. त्या त्याला म्हणायच्या, "गप रं."

बाहत्तर साली नगरहून नव्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलणं नाकातून, पण गोड. "बनुबाई, कागद तेच, लावायची तऱ्हा बदलून बघू या. अर्धे नंबरानं मांडणीत, अर्धे नावानं टेबलावरच्या खोक्यांत. बाजारच्या दिवशी ज्या तऱ्हेनं लवकर सापडतील, ती कायमची."

बनुबाईंनी मनातल्या मनात खोक्यांना नवस बोलला. नावं जिंकली, तर शिडी सुटणार होती.

बाजारच्या दिवशी सकाळी पुरुषांचे कागद नावानं पटापट निघाले. नंबरवाल्या एकाचा बिल्ला विहिरीत पडलेला, त्याच्यापायी सगळी मांडणी उपसावी लागली. बनुबाई खुशीत. मग पुणतांब्याची रतनबाई आली. खोक्यात त्याच नावाआडनावाच्या चार.

"मालकाचं नाव?"

रतनबाईनं पदर तोंडाशी नेला. "अर्धं बाईचं हाय, अर्धं देवाचं."

"सीताराम?" रांगेतून कुणीतरी.

"न्हाई वो. देव काळा हाय."

"मंग लक्ष्मीनारायण."

"ती लग्नाची. ही न्हाई."

'राधाकृष्ण' निघेस्तोवर रांग रस्त्यावर गेली. मागच्या बायकांचीही हीच गत.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नंबरच बरा हो. बायकांपाशी काम अडतं."

बनुबाईंनी शिडीकडं पाहिलं. "येवढी कसली लाज म्हंते मी. नाव सांगून मोकळं व्हायचं."

"बसा, गुडघा बघते. तुमचा कागदही नावाच्याच खोक्यात आहे ना? यजमानांचं नाव सांगा."

बनुबाईंनी पदर तोंडाशी नेला. माणूस जाऊन वर्षं लोटली होती. ओठ हलले, नाव काही आलं नाही.

मग हळूच म्हणाल्या, "बाई, माहेर इचारा. ते सांगाया कुनी लाजत न्हाई."

"तुमचं?"

"बेलापूर." या वेळी धूळ उठून बसली.

निकाल पुढच्या बाजारावर गेला. येईल त्या बाईच्या कागदावर नावाशेजारी माहेर चढू लागलं. त्या बाजारी नावंच जिंकली. शिडी एका रंगाऱ्यानं मागून नेली, ती बनुबाईंनी परत मागितली नाही.