पारखलेली अंडी

उमरग्याच्या बाजारात अंडी विकणाऱ्या खालांची पारख माझ्या प्रयोगशाळेतल्या अंडी तपासायच्या दिव्यापेक्षा अचूक होती. खुडूक कोंबडीखालून काढलेले अंडे त्या बंद पापणीला टेकवत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "जीव हाय यात. ने."

विषाणू ज्या शरीरात शिरतो त्याचा प्रतिकार तो कसा दडपतो, हा माझा संशोधनविषय होता. त्यासाठी कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचा विषाणू मी या अंड्यांत वाढवत होते. परंतु दोन महिने तो वाढेचना. महिनाअखेर यश न आल्यास विषय सोडा, असे मार्गदर्शकांनी कळवले. अखेर मी विचारले, "खाला, ही अंडी कोणत्या कोंबड्यांची?"

"तुला ऐऱ्यागैऱ्या कोंबडीचं देईन व्हय? दोनदा मानमोडी आली, तिला पुरून उरल्या त्यांचंच देते. शिकती पोरगी हायेस."

मला हसू आवरेना. रोगातून वाचलेल्या आईचे संरक्षण अंड्याच्या बलकातही उतरते. माझा विषाणू तिथेच निष्प्रभ होत होता.

"मला रोग न झालेल्या कोंबड्यांची अंडी द्या."

"म्हंजी कच्चा माल? लोक काय म्हनतील मला?"

तरीही चार दिवसांनी, मानमोडी न पोचलेल्या एका दूरच्या वस्तीवर पायी जाऊन, त्यांनी पदराखाली झाकून टोपली आणली. त्या अंड्यांत विषाणू जोमाने वाढला. मी बाजारात धावत जाऊन सांगितले, तेव्हा खालांचा चेहरा उजळला. मग आजूबाजूला पाहून त्या हळूच म्हणाल्या, "मुबारक, बेटा. पर असली अंडी माझ्याकडून नेली, हे कुनाला सांगू नको."